सासूबाईंसाठी कमोड हलवायचा आहे, पण पायरी नको

पत्र

आमचं बाथरूम आतून २.७ मीटर लांब आणि १.६ मीटर रुंद आहे. दार लांब भिंतीच्या मध्यावर, आणि बरोबर त्याच्या समोर, पलीकडच्या लांब भिंतीला कमोड. डक्ट, म्हणजे इमारतीचे उभे पाइप जातात ती पोकळी, त्या भिंतीच्या मागेच आहे. कमोडचा पाइप जमिनीपासून १८ सेंटीमीटर उंचीवर सरळ भिंतीत जातो. दारात उभं राहिलं की डावीकडे शॉवर, उजवीकडे वॉशबेसिन. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासूबाई वॉकर घेऊन चालतात. दार आत उघडतं, त्यामुळे दार, वॉकर आणि कमोड यांत त्यांना वळायलाच जागा उरत नाही. बाथरूम नव्याने करायचंच आहे, तर कमोड उजवीकडच्या आखूड भिंतीच्या मध्यावर न्यावा असं मला वाटतं. पहिला प्लंबर म्हणतो, फरशी १५ सेंटीमीटर उचलू आणि पाइप खालून नेऊ. दुसरा म्हणतो, स्लॅबला भोक पाडून खालच्या घराच्या छताखालून नेऊ. तिसरा म्हणतो, पंप बसवा आणि हवा तिथे कमोड ठेवा. एका कोपऱ्यात फरशी फोडून पाहिली, तर ९ सेंटीमीटरवर स्लॅब लागला. घरात दुसरं संडास नाही. कोणाचं ऐकू?
– पेचात पडलेली सून

उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही टेप घेऊन मापं काढलीत आणि फरशी फोडून खाली काय आहे ते पाहिलंत, याबद्दल आधी शाबासकी देते. बहुतेक घरांत टाइल्सचा रंग ठरतो, बेसिन विकत आणलं जातं, आणि पाइपचा विचार सगळ्यात शेवटी होतो. तोवर चूक सुधारायची सोय राहिलेली नसते. तुमच्या हातात अजून सगळं आहे.

थेट सांगायचं तर तिघांपैकी कोणाचंही ऐकू नका. कमोड जरूर हलवा, पण पाइप जमिनीखालून नेऊ नका. तो जमिनीच्या वरून, भिंतीलगत न्या आणि कमोड भिंतीला टांगलेला, म्हणजे वॉल हंग घ्या. तुमच्या घरात हे का जमेल आणि बाकीचं का नको, हे नीट सांगते, कारण काम सुरू झाल्यावर प्रत्येक जण तुम्हाला ‘एवढ्याने काही होत नाही’ म्हणणार आहे. तेव्हा ठाम राहायचं तर कारण माहीत असायला हवं.

कमोड कुठे ठेवायचा हे कागदावरच्या आराखड्यापेक्षा पाइपचा ढाळ ठरवतो. नळाचं पाणी दाबाने येतं, त्यामुळे त्याचा पाइप वर-खाली, आडवा-तिडवा कसाही नेता येतो. मैल्याच्या पाइपला मागून ढकलणारं कोणी नसतं. फ्लशचं पाणी एकदाच, काही सेकंदांसाठी येतं आणि तेवढ्यात त्याला घन मैला उभ्या पाइपपर्यंत वाहून न्यायचा असतो. ढाळ बरोबर असेल तर पाणी मैल्याच्या मागे राहून त्याला पुढे नेतं. ढाळ कमी पडला की पाणी पसरतं, त्याचा वेग मरतो, मैला वाटेत थांबतो. पुढच्या फ्लशने तो थोडा सरकतो, पुन्हा थांबतो. असं होता होता कागद अडकतो, आतल्या बाजूला थर धरतो, आणि एक दिवस पाणी उलट वर येतं.

आजच्या कमोडमध्ये पूर्ण फ्लशला साधारण ६ लिटर आणि अर्ध्या फ्लशला ३ लिटर पाणी लागतं. जुन्या टाक्या याच्या दुप्पट पाणी ओतायच्या. पाणी वाचतं ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्याचा अर्थ असाही की आडव्या पाइपात पूर्वी खपून जायची ती चूक आता खपत नाही. ‘आम्ही वर्षानुवर्षं असंच बसवतो’ असं कोणी म्हणालं, तर तेव्हाच्या टाकीत किती पाणी होतं, हे विचारा.

मैल्याचा पाइप बाहेरून ११० मिलिमीटर व्यासाचा असतो, ज्याला सगळे चार इंची म्हणतात. त्याला ४० ला १ असा ढाळ द्यायचा, म्हणजे दर मीटरला अडीच सेंटीमीटर उतार. याहून कमी ढाळही काही अटींवर चालतो, पण त्यासाठी पाइप फार काटेकोर बसावा लागतो, आणि घरच्या दुरुस्तीत तेवढी अचूकता मिळेल असं धरून चालू नये. मी तरी ४० ला १ च्या खाली जाऊ देत नाही.

आता तुमच्या मनातली जागा पाहू. आखूड भिंतीच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंत ८० सेंटीमीटर, तिथून लांब भिंतीच्या मध्यापर्यंत १३५. भिंतीची जाडी धरून सव्वादोन मीटरचा पाइप झाला. ढाळ हवा साडेपाच सेंटीमीटरच्या वर. आणि तुमच्याकडे फरशीपासून स्लॅबपर्यंत जागा किती? नऊ सेंटीमीटर. अकरा सेंटीमीटरचा पाइप त्यात ढाळ न देताही मावत नाही. म्हणून पहिल्या प्लंबरने फरशी उचलायचं सुचवलं. त्याचं गणित चुकलेलं नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. १५ सेंटीमीटर उचलल्यावर पाइप मावेल आणि ढाळही मिळेल. पण हे सगळं तुम्ही ज्यांच्यासाठी करताय त्यांना दारात १५ सेंटीमीटरची पायरी चढावी लागेल, तीही वॉकर घेऊन, रात्री, झोपेतून उठून, ओल्या पायांनी उतरताना. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसासाठी ती पायरी आजच्या अडचणीपेक्षा मोठं संकट आहे. कमोडला जागा मिळेल आणि बाथरूम सासूबाईंच्या हातून जाईल. हा पर्याय आजच बाजूला ठेवा.

दुसऱ्याने स्लॅबमधून जायला सांगितलं. खालचा मजला तुमचाच असता आणि तिथे छताखाली जागा असती, तर हा मार्ग खरंच चांगला आहे. पाइपला हवा तेवढा ढाळ मिळतो आणि तुंबला तर खालून उघडून साफ करता येतो. पण तुमच्या खाली दुसऱ्याचं घर आहे. म्हणजे तुमच्या मैल्याचा पाइप त्यांच्या डोक्यावर, त्याचा प्रत्येक जोड त्यांच्या छतात, आणि उद्या एक थेंब गळला तरी दुरुस्तीसाठी त्यांच्या दारावर उभं राहायचं. शिवाय स्लॅब म्हणजे नुसतं काँक्रीट नाही, त्यात सळया आहेत. ११० मिलिमीटरच्या पाइपला त्याहून मोठं भोक लागतं, आणि ते कुठे पडेल, सळया कुठून जातात, हे स्कॅनरने पाहून स्ट्रक्चरल इंजिनिअरने सांगावं लागतं. बीमला तर हातच लावायचा नाही. आणि काही इमारतींच्या स्लॅबमध्ये ताणून बसवलेल्या पोलादी केबल असतात. त्यातली एक तुटली तरी धोका जिवाचा असतो. एवढं सगळं असताना कोणी ‘भोक पाडून टाकू’ इतक्या सहज म्हणत असेल, तर त्याच्या हातात ड्रिल देऊ नका.

पंपाचं थोडक्यात सांगते. मैला बारीक करून ढकलणारा पंप मिळतो, त्याचा पाइप तीसेक मिलिमीटरचा असतो आणि तो वर चढवताही येतो. घरात आणखी एक संडास असेल, तर तळघरात किंवा गच्चीवरच्या खोलीत तो उपयोगी पडतो. तुमच्याकडे मात्र हे एकच संडास. वीज गेली की फ्लश बंद. ओला पुसणा किंवा सॅनिटरी पॅड चुकून आत गेला की पात्यात अडकणार. पंप उघडणारा माणूस येईपर्यंत घर काय करणार? आजारी, वयस्क माणूस असलेल्या घरातलं एकमेव संडास विजेवर टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

चौथा एक सल्ला तुम्हाला अजून मिळालेला नाही, पण मिळेल, म्हणून आधीच सावध करते: ‘पाइप बारीक वापरू, मग फरशीत मावेल.’ तुमच्या नऊ सेंटीमीटरमध्ये ७५ मिलिमीटरचा पाइप कसाबसा बसवून दाखवतीलही, पण ढाळ उरणार नाही. शिवाय बाहेरचा पाइप ११० चा, मधे ७५ चा, म्हणजे मैल्याच्या वाटेत तुम्ही स्वतःच गळा आवळून ठेवल्यासारखं होईल. नाही म्हणा.

मग वाट कुठली? तुमच्या पत्रात एक आकडा आहे, ज्याकडे तिघांपैकी कोणीच पाहिलं नाही: पाइप जमिनीपासून १८ सेंटीमीटर उंचीवर भिंतीत जातो. म्हणजे तुमचा कमोड पी ट्रॅपचा आहे, त्याचा मैला खाली फरशीत न जाता मागे भिंतीत जातो. हे तुमचं नशीब समजा. एस ट्रॅप असता, म्हणजे पाइप फरशीत उतरत असता, तर मी हे उत्तर वेगळं लिहिलं असतं. जोड आधीच जमिनीच्या वर असल्यामुळे नवा पाइपही पूर्णपणे जमिनीच्या वरून येऊ शकतो. फक्त कमोडचं तोंड, म्हणजे मागे मैला बाहेर पडतो ती जागा, १८ सेंटीमीटरपेक्षा जरा उंच हवं, म्हणजे तिथून जुन्या जोडापर्यंत उतार मिळेल.

वॉल हंग कमोड इथे कामाला येतो. त्याचं तोंड नेहमीच्या बसवणीत जमिनीपासून साधारण २२-२३ सेंटीमीटरवर येतं, म्हणजे चार-पाच सेंटीमीटर हाती लागले. आणि या कमोडची उंची तुम्ही ठरवता. तो पोलादी फ्रेमवर टांगलेला असतो, ती फ्रेम वर-खाली करता येते. सर्वसाधारण बैठक ४० सेंटीमीटरच्या आसपास असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ४५ ते ४८ सेंटीमीटरची बैठक फार सोयीची पडते, कारण उठताना गुडघा कमी वाकतो. आता बैठक पाच सेंटीमीटर उंच केली की तोंडही पाच सेंटीमीटर उंच जातं, साधारण २७-२८ वर. सासूबाईंच्या गुडघ्याला हवी ती उंची आणि पाइपला हवा तो ढाळ, दोन्ही एकाच बदलातून मिळतात. तुमचं पत्र वाचताना हे जुळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. एक काळजी मात्र घ्या: घरात बुटकं माणूस किंवा लहान मूल असेल, तर पाय टेकायला छोटं पाटासारखं काही लागेल. आणि ४८ की ४५ हे सासूबाईंना खुर्चीवर बसवून, पाय जमिनीला पूर्ण टेकतात का ते पाहून ठरवा. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनी किंवा फिजिओथेरपिस्टने काही उंची सांगितली असेल, तर तीच अंतिम.

‘टांगलेला कमोड तुटणार नाही ना?’ ही भीती सगळ्यांना वाटते. वजन भिंतीवर नसतं, फ्रेमवर असतं, आणि चांगल्या फ्रेम ४०० किलोचा भार सोसतील अशा तपासलेल्या असतात. अट एवढीच की फ्रेमचे पाय स्लॅबच्या काँक्रीटमध्ये बोल्टने घट्ट व्हायला हवेत. नुसत्या टाइलमध्ये किंवा खालच्या भरावात खिळवलेली फ्रेम हलते, आणि हलणाऱ्या फ्रेमचा पहिला बळी पाइपचा जोड असतो. बोल्टसाठी स्लॅबमध्ये जितकं खोल जावं लागतं तेवढंच जायचं, आणि ती भोकं वॉटरप्रूफिंगच्या आधी पाडून मग त्यांच्याभोवती नीट बंद करून घ्यायचं.

आता जागा. माझी पहिली पसंती तुम्ही सांगितलेल्या भिंतीला नाही. कमोड त्याच लांब भिंतीला ठेवा, फक्त उजव्या कोपऱ्याकडे सरकवा, म्हणजे आज जिथे वॉशबेसिन आहे तिथे. त्याचा मध्य आखूड भिंतीपासून ४५ सेंटीमीटरवर. बेसिन मध्ये, दारासमोर येईल. हलवण्याचं अंतर झालं ९० सेंटीमीटर, ढाळ लागेल सव्वादोन सेंटीमीटर, तुमच्याकडे त्याच्या तिप्पट-चौपट आहे. पाइप एका सरळ रेषेत येतो आणि फक्त शेवटी एकदा भिंतीत वळतो.

यातून मिळतं काय, तर दारासमोर ७० सेंटीमीटर पुढे आलेल्या कमोडऐवजी ४० सेंटीमीटरचं छोटं बेसिन येतं, त्यामुळे वॉकर आत घेऊन वळायला मोकळी जागा होते. आणि कमोडच्या शेजारी पहिल्यांदाच भिंत येते. आज तो मध्यावर आहे, हात टेकायला दोन्ही बाजूंना काही नाही. कोपऱ्यात गेला की बाजूच्या भिंतीला आधाराचा दांडा लावता येईल, आणि उठताना वॉकरवर जोर देण्यापेक्षा तो कितीतरी सुरक्षित. वॉकर पुढे सरकतो, दांडा सरकत नाही.

या मांडणीची उणी बाजूही सांगते. फ्रेम, टाकी आणि पाइप झाकायला भिंतीपुढे साधारण २० सेंटीमीटर जाडीची बुटकी भिंत उभी करावी लागते. त्यापुढे कमोड ५३-५४ सेंटीमीटर. १.६ मीटरमधून हे वजा केलं की समोर ८५ सेंटीमीटरच्या आसपास उरतात. एरवी बसायला हे पुरेसं आहे, वॉकरसकट पुरेल का, हे मी इथे बसून सांगू शकत नाही, तुम्हीही अंदाजाने ठरवू नका. त्यासाठी काय करायचं ते शेवटी सांगते.

ती जागा अपुरी वाटली, तर तुमची आखूड भिंत घ्या, पण तिच्या मध्यावर नको. लांब भिंतीच्या कोपऱ्यापासून ४५ सेंटीमीटरवर कमोडचा मध्य ठेवा. मग समोर लांबीच्या दिशेने भरपूर मोकळं, आणि हात टेकायला डक्टची भिंत. पाइप होतो १.८ मीटरच्या आसपास, ढाळ साडेचार सेंटीमीटर. कमोडचं तोंड २७ वर असेल तर शेवट साडेबावीसवर येतो आणि जुना जोड १८ वर आहे, म्हणजे हेही बसतं. एक वळण वाढतं आणि बुटकी भिंत दोन्ही बाजूंना फिरवावी लागते, एवढाच फरक. दोन्ही मांडण्यांत उरलेला उतार शेवटच्या टप्प्यात एकदम सोडायचा नाही. तो सगळ्या लांबीवर सारखा वाटून द्यायचा.

वळणांबद्दल प्लंबरशी आधीच बोला. काटकोनातला एकच आखूड एल्बो नको, ४५ अंशांचे दोन बेंड जोडून ऐसपैस वळण करा. मैला अडतो तो आखूड वळणातच. आणि भिंतीत शिरण्याआधीच्या वळणावर झाकणाचा बेंड घ्या, ज्याला बरेच जण डोअर बेंड म्हणतात, आणि त्यासमोर बुटक्या भिंतीत काढता येईल अशी पट्टी ठेवा. ती बेसिनच्या खाली येईल, दिसणारही नाही. पण एखाद्या रात्री तुंबलं तर टाइल फोडायची वेळ येणार नाही.

उभ्या पाइपला शक्यतो हात लावू नका. तो सगळ्या मजल्यांचा आहे. जुना वाय जोड, म्हणजे तुमचा पाइप उभ्या पाइपला मिळतो तो जोड, चांगला असेल तर तोच वापरा. बदलावाच लागला तर इमारतीच्या व्यवस्थापनाला आणि वरच्या सगळ्या घरांना वेळ कळवून, तेवढा वेळ फ्लश बंद ठेवूनच. उघड्या पाइपसमोर माणूस काम करत असताना वरून कोणी फ्लश केला तर काय होतं, ते मी पाहिलं आहे.

बेसिनचा पाइप कमोडच्या नव्या पाइपात जोडू देऊ नका, जवळ आहे म्हणून तो मोह होतोच. कमोडमधून एकदम सुटलेलं पाणी पाइप भरून पुढे जातं आणि मागची हवा ओढतं. त्या ओढीने बेसिनच्या ट्रॅपमधलं, म्हणजे त्याच्या खालच्या वाकड्या नळीत साठलेलं पाणी खेचलं जातं. ट्रॅपमध्ये जेमतेम पाच सेंटीमीटर पाणी असतं आणि घर आणि गटार यांच्या मधे तेवढाच पडदा आहे. तो गेला की खोलीत वास येतो आणि लोक वर्षभर फिनाइल ओतत बसतात. बेसिनला त्याचा स्वतःचा ट्रॅप आणि स्वतःची वाट द्या. इमारतीत मैल्याचा आणि सांडपाण्याचा उभा पाइप वेगवेगळा असेल, तर बेसिन सांडपाण्याच्याच पाइपात जायला हवं. आणि डक्टमध्ये डोकावताय तर उभा पाइप वर छतापर्यंत उघडा आहे ना, तेही पाहून घ्या. कोणीतरी वर टोपण लावून ठेवलेलं असेल तर तुमचा कमोड गुडगुड आवाज करणार, आणि दोष नव्या पाइपवर येणार.

दार मात्र नक्की बदला. बाहेर उघडणारं किंवा सरकणारं करा. जागा वाढते हे आहेच, पण मला त्याहून मोठी काळजी वाटते ती वेगळी: वयस्क माणूस आत पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाने अडतं आणि बाहेरच्यांना आत जाता येत नाही. कडीही बाहेरून नाण्याने उघडता येईल अशी घ्या. कमोड हलवायचा बेत उद्या काही कारणाने रद्द झाला, तरी दाराचं काम रद्द करू नका.

आता काम सुरू झाल्यावर तुम्ही स्वतः काय बघायचं. बरीच वर्षं साइटवर काढली तरी एक बाथरूम माझ्या मनातून जात नाही. पाइप बसवला तेव्हा मी स्वतः पाणसळ लावून पाहिला होता, ढाळ चोख होता. दुसऱ्या दिवशी त्यावर राडारोडा पडला, कोणीतरी त्यावर पाय देऊन उभं राहिलं, मधला आधार सुटला आणि पाइपला पोट आलं. झाकण्याआधी मी पुन्हा मोजलं नाही. काही महिन्यांत तिथे तुंबायला लागलं आणि नव्या टाइल्स फोडाव्या लागल्या. त्या घरच्या बाईंचा चेहरा आठवला की आजही वाईट वाटतं. म्हणून सांगते, ढाळ दोनदा मोजायचा: पाइप बसवल्यावर, आणि भिंत बंद करायच्या अगदी आधी. प्रत्येक मीटरच्या आत एक पक्की क्लॅम्प हवी. पाणसळीचा बुडबुडा सगळीकडे त्याच बाजूला, तेवढाच सरकलेला दिसला पाहिजे.

मग पाइपचं उभ्या पाइपकडचं टोक रबरी बुचाने बंद करायला लावा आणि पाणी भरा, कमोडच्या तोंडापर्यंत. पातळीवर पेन्सिलने खूण करा आणि काही तास सोडून द्या. प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद फिरवून बघा, बोटाला न कळणारी ओल कागदावर दिसते. सॉल्व्हंटने चिकटवलेले जोड असतील तर ते डब्यावर लिहिलेला वेळ सुकल्यावरच ही परीक्षा घ्यायची. ही झाली गळतीची. वाहण्याची परीक्षा वेगळी: कमोड तात्पुरता टांगून, कागदाचे गोळे टाकून पाच-सात वेळा फ्लश करा, अर्धा फ्लशही करून बघा, आणि एकाने झाकणाच्या बेंडमधून आत टॉर्च मारून काही राहिलंय का ते पाहावं. त्या वेळी बेसिनच्या आणि शॉवरच्या जाळीजवळ कान द्या, गुडगुड नको.

फरशीचं वॉटरप्रूफिंग हा स्वतंत्र विषय आहे, त्यात आज शिरत नाही. फक्त जुन्या कमोडच्या स्क्रूची भोकं विसरू नका, त्यांनी जुना थर आधीच फोडलेला असतो. आणि नवा थर दिल्यावर पाणी साठवून किमान एक दिवस-रात्र ठेवा, खालच्या घरी विचारून या.

घरात एकच संडास आहे, तर कामाचा क्रमही त्याप्रमाणे लावा. नवा कमोड वेगळ्या जागी येणार आहे, याचा फायदा घ्या. फ्रेम उभी करणं, आडव्या पाइपचा मोठा भाग बसवणं, त्या कोपऱ्याच्या टाइल्स, हे सगळं जुना कमोड चालू ठेवून करता येतं. मग एक दिवस ठरवायचा, सकाळी जुना काढायचा, शेवटचा जोड करायचा, परीक्षा घ्यायची आणि संध्याकाळपर्यंत नवा चालू. बेसिन आणि मधल्या टाइल्स त्यानंतर. यात जोड रबरी रिंगचा असेल तर सुकायला थांबावं लागत नाही, म्हणून शेवटचा जोड तसाच घ्या. प्लंबरला हा क्रम गैरसोयीचा वाटेल, त्याला सगळं एकदम उखडायचं असतं. पण सासूबाईंना आठवडाभर शेजाऱ्यांकडे पाठवायचं का, हे त्यालाच विचारा.

भिंत बंद करण्याआधी टेप लावून पाइपचे फोटो काढा: जमिनीपासून उंची, कोपऱ्यापासून अंतर, झाकणाची जागा. आधाराचा दांडा लावताना ड्रिल कुठे मारायचं नाही, ते त्यावरून कळेल. दांड्याच्या मागे भिंत पोकळ असेल तर टाइल्सच्या आधीच आत जाड प्लायचा किंवा पोलादी पट्टीचा आधार घालून घ्या. टाइल्स लागल्यावर तो घालता येत नाही.

आणि हे सगळं करायच्या आधी, येत्या रविवारी, खडू घ्या. बाथरूम छोटं आणि भरलेलं आहे, म्हणून मोठ्या खोलीत जमिनीवर १.६ बाय २.७ मीटरचा चौकोन आखा. दाराची जागा दाखवा, २० सेंटीमीटरची बुटकी भिंत दाखवा, कमोडच्या जागी ४६ सेंटीमीटर उंचीची खुर्ची किंवा स्टूल ठेवा, बाजूच्या भिंतीच्या जागी कपाट किंवा टेबल सरकवा. बेसिनसाठी पुठ्ठ्याचा खोका चालेल. मग सासूबाईंना सांगा, वॉकर घेऊन दारातून आत या, वळा, बसा, उठा, बाहेर जा. कोणी एकाने शेजारी उभं राहायचं, पण हात धरायचा नाही. तीन-चार वेळा करू द्या. मग खुर्ची दुसऱ्या मांडणीत, आखूड भिंतीला लावा आणि पुन्हा. वळताना वॉकरचे पाय खडूच्या रेषेबाहेर गेले, तर ती मांडणी नको. त्यांना कुठे घाबरल्यासारखं झालं, हात कुठे आधार शोधत होता, ते त्यांनाच विचारा आणि त्याच जागी दांड्याची खूण करा. जी मांडणी त्या निवडतील, तिचं माप लिहून प्लंबरच्या हातात द्या.